मोजायचं राहून गेलं

माझी आजी गॅसला घाबरायची. आमच्या घरात पहिल्यांदा गॅसची शेगडी आली तेव्हा आळीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. काकूनं काडी ओढली, निळी ज्योत फुलली, सगळ्यांनी कौतुक केलं. आजी मात्र माजघराचा उंबरा ओलांडून पुढे आली नाही. ती टाकी एक ना एक दिवस फुटणार, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तिनं आपली चूल मागच्या पडवीत हलवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. सरपण ओलं असलं की फुंकणीनं फुंकून फुंकून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. पहाटे चूल पेटली की तिचा खोकला सुरू व्हायचा, आणि त्या खोकल्यावरूनच आम्हा मुलांना कळायचं की उठायची वेळ झाली.

गॅसची टाकी आमच्याकडे कधीच फुटली नाही. आजी मात्र धाप लागून लागून गेली. या विडी ओढतात का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आजीनं जन्मात विडीला हात लावला नव्हता. चुलीचा धूर मात्र पन्नास-साठ वर्षं छातीत ओढला होता. तो कुणी मोजलाच नव्हता.

हे सगळं पुन्हा आठवलं ते मादाम क्युरीमुळे. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच तिच्याबद्दल वाचलंय. रेडियम शोधणारी, दोनदा नोबेल मिळवणारी थोर शास्त्रज्ञ. परीक्षेपुरतं तेवढंच लक्षात राहतं. मध्यंतरी तिचं आयुष्य पुन्हा नीट वाचायला घेतलं, आणि एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. या बाईच्या सगळ्या आयुष्यात इंधन आहे. कोळसा आहे, रॉकेल आहे, पेट्रोल आहे आणि शेवटी अणूच्या पोटातली ऊर्जाही आहे. प्रत्येकाबरोबर त्याचा त्याचा धोकाही आहे. कुठला धोका आपल्याला दिसतो आणि कुठला डोळ्यांदेखत असून दिसत नाही, हे तिच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळेल.

तिचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्हस्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. पाच भावंडांत ती धाकटी. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. पोलंडवर तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं. घरावर संकटंही एकामागून एक आली. मोठी बहीण टायफसच्या तापानं गेली आणि मारिया दहा वर्षांची असताना आईही क्षयानं गेली.

शाळेत सुवर्णपदक मिळालं. पण पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग तिनं आणि तिच्या बहिणीनं, ब्रोन्यानं, एक करार केला. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, आणि ब्रोन्याचं बस्तान बसलं की तिनं मारियाला बोलावून घ्यायचं. मारिया परक्या घरी राहून मुलांना शिकवायला लागली. अशी एक-दोन नाही, काही वर्षं गेली. बहिणीबहिणींचे असे करार आपल्याकडेही असतात, नाही का? फक्त ते कुठे लिहिले जात नाहीत.

१८९१ साली ती पॅरिसला पोचली. चोवीस वर्षांची. सोरबॉन विद्यापीठात नाव घातलं, तिथे ती मारियाची मेरी झाली. सुरुवातीला बहिणीकडे राहिली, मग विद्यापीठाजवळ वरच्या मजल्यावरची माळ्याची खोली घेतली. तिथली थंडी आपल्याला कल्पनेतही झेपणार नाही. खोली गरम ठेवायला एक छोटी शेगडी, तिच्यासाठी कोळसा विकत आणायचा आणि बादलीबादलीनं जिने चढून वर न्यायचा. पैसे वाचवायचे तर कोळसाच वाचवायला लागायचा. म्हणून ती संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसायची. तिथे गॅसचे दिवे असायचे, ऊबही फुकट मिळायची. वाचनालय बंद झालं की खोलीवर येऊन रॉकेलच्या दिव्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत अभ्यास. कडाक्याच्या थंडीत भांड्यातलं पाणी गोठायचं, मग असतील नसतील तेवढे कपडे अंगावर चढवून झोपायचं. अशा परिस्थितीत १८९३ साली ती भौतिकशास्त्राच्या परीक्षेत पहिली आली आणि पुढच्या वर्षी गणितात दुसरी.

१८९४ मध्ये तिची ओळख पिएर क्युरीशी झाली. तोही शास्त्रज्ञ, अबोल, पैशा-प्रतिष्ठेच्या मागे न लागणारा. पुढच्या वर्षी जुलैमध्ये लग्न झालं. ना मोठा समारंभ, ना दागिने. लग्नानंतर दोघं सायकलींवरून फिरायला गेली. १८९७ मध्ये मुलगी झाली, आयरीन. घर, तान्हं मूल आणि डॉक्टरेटसाठी विषयाचा शोध, अशी तिहेरी कसरत मेरीची सुरू झाली. सासरे घरी राहायला आले आणि नातीला त्यांनी सांभाळलं, म्हणून बरंचसं निभावलं.

त्याआधीच्या वर्षी बेकेरेल नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं होतं, की युरेनियममधून आपोआप कसले तरी किरण बाहेर पडतात. लोकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. मेरीनं तोच विषय घेतला. तिचं वेगळेपण कशात, तर तिनं हे किरण मोजायचं ठरवलं. पिएर आणि त्याच्या भावानं बनवलेलं एक अतिशय नाजूक विद्युतमापक यंत्र होतं. एकामागून एक खनिजं त्यात ठेवून ती आकडे लिहीत गेली. पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजाचा आकडा मात्र बसेना. त्यातल्या युरेनियमच्या मानानं किरण फारच जास्त येत होते. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेलं असणार! पिएरनं स्वतःचं काम बाजूला ठेवलं आणि तो तिच्याबरोबर आला. जुलै १८९८ मध्ये त्यांनी पोलोनियम हे मूलद्रव्य जाहीर केलं. नाव मेरीच्या माहेरच्या देशावरून. डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झालं.

आता ते रेडियम वेगळं काढून दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांना जागा मिळाली ती एक पडकी शेड. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी मृतदेहांची चिरफाड करायचे. छप्पर काचेचं आणि गळकं. बोहेमियातल्या खाणींमधून पिचब्लेंडचा टाकाऊ चोथा पोत्यापोत्यांनी आला. एका वेळी वीस-वीस किलो माल मोठ्या कढईत उकळायचा आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्यानं ढवळत राहायचं. वर्षानुवर्षं तिनं हे केलं. लग्नकार्यात मोठ्या पातेल्यातला पदार्थ ढवळायची वेळ ज्यांच्यावर आलीय, त्यांना विचारा दंडांचं काय होतं ते! इतकं करून १९०२ मध्ये हाती आलं काय, तर एका ग्रॅमचा दहावा भाग रेडियमचा क्षार. रात्री दोघं मुद्दाम शेडमध्ये जाऊन बसायची. अंधारात काचेच्या नळ्या निळसर चमकायच्या. ते चमकणं बघण्यात त्यांचा सगळा शीण जायचा.

इथेच गोष्ट वळण घेते. १९०३ मध्ये पिएर आणि त्याच्या सहकाऱ्यानं रेडियमची उष्णता मोजली. रेडियम तासाभरात आपल्या वजनाइतका बर्फ वितळवू शकतं, असं निघालं. दुसऱ्या तासाला पुन्हा तेवढाच, तिसऱ्या तासाला पुन्हा. ना ज्वाळा, ना धूर, ना राख. सहा मजले कोळसा वाहिलेल्या बाईच्या टेबलावर असं काहीतरी होतं जे कोळशाशिवाय गरम राहत होतं. अणुऊर्जेची चाहूल माणसाला लागली ती या सुमाराला.

धोक्याची चाहूलही त्याच वेळी लागली होती, आणि ती लपलेली नव्हती. बेकेरेलनं रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली तर त्याच्या अंगावर भाजल्यासारखी जखम झाली. पिएरनं तर मुद्दाम दंडावर काही तास रेडियम बांधून बघितलं. जखम भरायला काही आठवडे लागले. त्यातूनच रेडियमनं कर्करोगाच्या गाठी जाळायची कल्पना निघाली. मेरीच्या बोटांची टोकं कडक व्हायची, सोलून निघायची. ती सतत थकलेली असायची, वजन उतरलं होतं. १९०३ च्या उन्हाळ्यात तिचा गर्भपात झाला. पिएरचे पाय असे दुखायचे की रात्र रात्र झोप नसायची. पण दोघांनी त्याचा ठपका अतिश्रमावर, थंडीवर, संधिवातावर ठेवला. ज्या पदार्थावर जीव जडला त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही. आजीचं चुलीशी तसंच नातं होतं.

१९०३ मध्ये नोबेल मिळालं, बेकेरेल आणि पिएरबरोबर. आधी तर मेरीचं नाव त्यात नव्हतंच! एका स्वीडिश गणितज्ञानं पिएरला ही गोष्ट कळवली, पिएरनं मेरीच्या कामाचा आग्रह धरला, म्हणून तिचं नाव आलं. रेडियम काढायच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. १९०४ च्या शेवटी दुसरी मुलगी झाली, एव्ह.

आणि मग १९०६ चा तो वसंत ऋतू.

१० मार्च १९०६ ला उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर इथल्या कोळशाच्या खाणींत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला. एका सकाळी १०९९ माणसं गेली, त्यात कोवळी पोरंही होती. युरोपातला तो सगळ्यात मोठा खाण-अपघात. लोक रडले, संतापले, खाणकामगारांनी संप केले. पण पॅरिसच्या घराघरांत शेगड्या पेटतच राहिल्या. कोळसा टाळावा असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण कोळसा ओळखीचा होता.

त्यानंतर सहा आठवडेही झाले नसतील. १९ एप्रिलला पावसात रस्ता ओलांडताना पिएरचा पाय घसरला आणि सामानानं लादलेल्या घोडागाडीचं चाक त्याच्या डोक्यावरून गेलं. जगातला सगळ्यात अनोळखी, घातक पदार्थ रोज हाताळणारा माणूस गेला तो अगदी रोजच्या रस्त्यावर, रोज दिसणाऱ्या घोडागाडीखाली. मेरी तेव्हा अडतीस वर्षांची होती. पदरात दोन मुली, धाकटी तर दीड वर्षाचीही नव्हती.

तिला पेन्शन देऊ केली होती, ती तिनं नाकारली. विद्यापीठानं पिएरची जागा तिला दिली. नोव्हेंबरमध्ये तिचं पहिलं व्याख्यान होतं. सभागृह खचाखच भरलेलं. लोकांना वाटलं होतं, ही पतीबद्दल बोलेल, गहिवरेल. तिनं पिएरचा धडा जिथे थांबला होता तिथूनच पुढे शिकवायला सुरुवात केली. सोरबॉनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री ठरली.

१९११ हे साल तिला यशाचंही आणि बदनामीचंही गेलं. जानेवारीत फ्रान्सच्या विज्ञान अकादमीची निवडणूक ती अगदी थोडक्या मतांनी हरली. वर्षाच्या शेवटी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, दुसऱ्यांदा! पण त्याच दिवसांत एका विवाहित सहकाऱ्याशी तिचं नाव जोडून वर्तमानपत्रांनी तिची लक्तरं वेशीवर टांगली. घरासमोर माणसं जमून आरडाओरडा करायला लागली. पुरस्कार घ्यायला येऊ नका, असंही तिला सुचवलं गेलं. ती गेली, पुरस्कार घेतला, भाषण केलं. परत आल्यावर मात्र अंथरुणाला खिळली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. जखमी सैनिकांच्या अंगात गोळी नेमकी कुठे अडकलीय ते कळायला एक्स-रे हवा आणि आघाडीवरच्या इस्पितळांत ना यंत्र ना वीज. मेरीनं मोटारगाड्या मिळवल्या, त्यात एक्स-रे यंत्र बसवलं आणि गाडीच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो जोडला. म्हणजे वीज गाडीबरोबरच जाणार! अशा वीस गाड्या तयार झाल्या, शिवाय दोनशे ठिकाणी कायमच्या खोल्या. ती स्वतः गाडी चालवायला शिकली. तरुण आयरीन तिच्याबरोबर आघाडीवर गेली. दीडशे बायकांना तिनं हे काम शिकवलं. दहा लाखांहून अधिक सैनिकांची तपासणी या यंत्रणेतून झाली. पण यंत्रं चालवणाऱ्या या मायलेकींना आणि इतर बायकांना किरणांपासून पुरेसं संरक्षण नव्हतं.

युद्धानंतर रेडियमची लाट आली. चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये रेडियम, प्यायच्या पाण्यात रेडियम, ताकद येण्यासाठी रेडियम. अमेरिकेत घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग द्यायचे कारखाने निघाले. तिथे कामाला तरुण मुली. कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायचा, अशी पद्धत त्यांना शिकवलेली. काही वर्षांत त्यांच्या जबड्याची हाडं कुजायला लागली. त्यातल्या पाचजणी न्यू जर्सीत कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, त्यामागे या मुलींचे जीव आहेत. त्याच अमेरिकेतल्या बायकांनी १९२१ मध्ये वर्गणी काढून, एक लाख डॉलर जमवून, मेरीला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं होतं. एकाच पदार्थाच्या या दोन गोष्टी, दोन्ही बायकांच्या.

मेरीला धोका माहीत नव्हता, असं म्हणणं बरोबर होणार नाही. पुढे तिच्या संस्थेत नियम होते. रेडियमच्या नळ्या चिमट्यानं उचलायच्या, शिशाच्या आडोशामागे काम करायचं, वेळच्या वेळी रक्त तपासायचं. विद्यार्थ्यांनी नियम मोडला तर ती रागवायची. स्वतः मात्र पाळायची नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तो तिनं लोकांपासून लपवला, खोट्या नावानं ऑपरेशन करून घेतलं, व्याख्यानाची टिपणं मोठ्या अक्षरांत लिहून वेळ मारून नेली. सगळ्या घराचं पथ्यपाणी बघायचं आणि स्वतःच्या गोळ्या घ्यायला विसरायचं, हे आपल्यापैकी किती जणी करतात! फरक एवढाच, की ती जगातली सगळ्यात अचूक मोजमाप करणाऱ्यांपैकी होती. ग्रॅमचा हजारावा भाग तिच्या नजरेतून सुटायचा नाही. स्वतःच्या अंगावर काय पडतंय, ते तेवढं मोजायचं राहून गेलं.

४ जुलै १९३४ ला फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्यधामात ती गेली. हाडांच्या आतल्या मगजानं नवं रक्त तयार करणंच थांबवलं होतं. वय सहासष्ट. १९९५ मध्ये तिच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानानं हलवल्या तेव्हा तज्ज्ञांनी किरणोत्सर्ग मोजून बघितला. अपेक्षेपेक्षा तो कमी निघाला, आणि तिच्या आजाराचं मूळ रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेमध्ये असण्याची शक्यता जास्त, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे जिच्यावर आपण सगळे संशय घेत होतो ती रेडियमची नळी कदाचित मुख्य गुन्हेगार नसेलही! तिच्या वह्या मात्र अजून शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. आयरीनही १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. या कामापासून दूर राहिलेली एव्ह मात्र एकशे दोन वर्षं जगली.

हे वाचून अणुऊर्जा म्हणजे साक्षात यमदूत असं वाटणं साहजिक आहे. १९८६ चं चेर्नोबिल, २०११ चं फुकुशिमा ही नावं आपल्याला आठवतात. मलाही तसंच वाटत होतं. पण मेरीची शिकवण काय, तर आधी मोजा. मग मी आकडे बघायला लागले. आपल्या लाइटबिलावर युनिट असतात ना, तशा १०० कोटी युनिट विजेमागे किती माणसं दगावतात, याचा हिशेब अभ्यासकांनी मांडलाय. त्यात अपघातही धरलेत आणि हवेच्या प्रदूषणानं होणारे मृत्यूही. कोळशाच्या विजेमागे सुमारे २५ माणसं. तेलाच्या विजेमागे सुमारे १८. नैसर्गिक वायूमागे सुमारे ३. धरणाच्या पाण्यावरच्या विजेमागे एकापेक्षा थोडी जास्त, आणि त्यातही मोठा वाटा १९७५ साली चीनमध्ये फुटलेल्या बानचियाओ धरणाचा. पवन, सौर आणि अणू या तिन्हींचा आकडा मात्र ०.०२ ते ०.०४ च्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ सारखाच. आणि अणूच्या आकड्यात चेर्नोबिल, फुकुशिमा दोन्ही धरलेले आहेत!

माझा तर आधी विश्वासच बसेना. पण विचार केला तर कारण कळतं. चेर्नोबिलला स्फोट आणि तीव्र किरणोत्सर्गानं लगेच गेलेली माणसं तीसएक, आणि नंतरच्या कर्करोगांचे अंदाज काही हजारांचे. फुकुशिमात किरणोत्सर्गामुळे झालेला एक मृत्यू जपान सरकारनं मान्य केलाय, पण घाईघाईनं घरदार सोडायला लागल्यामुळे, त्या हालअपेष्टांत, दोन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात म्हातारी माणसंच जास्त. हे आकडे लहान नाहीत. पण कोळशाचा धूर रोज, गाजावाजा न करता, कुणाच्या फुप्फुसात तर कुणाच्या हृदयात शिरत राहतो. त्याची बातमी होत नाही. चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या बायकांना वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकायची सवय असते. आपल्या महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावरच निघते, आणि तारापूरला १९६९ पासून अणुवीजही निघते. दोन्हींपैकी भीती कशाची वाटते, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात मृत्यूंचा आकडा म्हणजे सगळा हिशेब नव्हे. अणुभट्टीचा कचरा हजारो वर्षं सांभाळायला लागतो. अपघात झाला तर गावंच्या गावं उठतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला क्युरींच्या देशातल्याच अणुभट्ट्या बसवायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तिथल्या बायकांनी जमिनीचं काय, मासळीचं काय, असं विचारलं तर ते चूक कसं म्हणायचं? त्या प्रश्नांची उत्तरं द्यायलाच हवीत. एवढंच, की हाच प्रश्न कोळशालाही विचारायला हवा. धरणालाही विचारायला हवा. आणि हो, आपल्या स्वयंपाकघरालाही.

कारण सगळ्यात मोठा आकडा तिथेच आहे. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांच्या घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे बसते कोण? बाई, आणि तिच्या कडेवरचं मूल. या धुरानं मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. मादाम क्युरीला मोतीबिंदू किरणांनी झाला असेल. माझ्या आजीच्या डोळ्यांतही पडदा आला होता. ती कुठली किरणं बघायला गेली होती?

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत गावोगावी गॅस पोचला. तरी टाकी भरायला परवडत नाही म्हणून कित्येक घरांत ती कोपऱ्यात उभी आणि चूल पेटलेली, हे आपण बघतोच. गॅस धोक्याचा नाही असं मी म्हणत नाही. रबरी नळी वेळेवर बदलायची, रात्री रेग्युलेटर बंद करायचा, वास आला की दिव्याचं बटण दाबायचं नाही, हे पाळायलाच हवं. पण त्या धोक्याला निदान वास आहे, नियम आहेत. चुलीच्या धुराला आपण धोका म्हणतच नाही, त्याला आपण स्वयंपाक म्हणतो.

गेल्या दिवाळीत घर आवरताना आजीची फुंकणी सापडली. पितळेची, तोंडाकडे झिजलेली. चिंचेनं घासून मी ती फळीवर ठेवली आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ती बघून म्हणाल्या, की त्यांच्या घरी अजून अशीच आहे आणि रोज वापरात आहे. मग मी त्यांना विचारलं, की खोकला किती दिवसांपासून आहे. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. दिवस नाही, वर्षं मोजत होत्या त्या.

येत्या सोमवारी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं ठरवलंय.